सेकंडहँड मस्टँग, कॅमेरो की चॅलेंजर: घेण्याआधी टिकाऊपणा कसा पारखायचा

अमेरिकेत पहिली गाडी कॅमरी किंवा सीआर-व्ही घ्यायची, हे न्यू जर्सीपासून ह्यूस्टनपर्यंतच्या मराठी घरांत जवळपास ठरलेलंच असतं. वर्षातून दोनदा ऑइल बदललं की ती निमूट चालते. दुसऱ्या गाडीच्या वेळी मन व्ही८ कडे, म्हणजे आठ सिलिंडरच्या दमदार इंजिनाकडे, ओढ घेतं आणि तिथे पहिल्या गाडीची सवय नडते. 'मस्टँग टिकते का?', 'चॅलेंजर भरवशाची आहे का?' असं नावावरून विचारलं जातं, आणि नावावरून याचं उत्तर देता येत नाही. एकाच कारखान्यातून एकाच साली निघालेल्या दोन कॅमेरोंपैकी एक दीड लाख मैल सुखाने जाते, दुसरी ८०,००० वर नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मागते. फरक असतो तो इंजिन, गिअरबॉक्स आणि साल यांच्या जुळणीत, आणि आधीच्या मालकाच्या उजव्या पायात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टी शोधण्यासाठी आहेत.

पायरी १: इंजिन-गिअरबॉक्सची जोडी ठरवा

फोर्डचा हिशेब त्यातल्या त्यात सोपा. मस्टँग जीटीला २०११ पासून ५.० लिटरचं 'कोयोटी' व्ही८ येतं. सुरुवातीला ४१२ हॉर्सपॉवर, २०१५ ते १७ मध्ये ४३५, २०१८ ते २१ मध्ये ४६०. चालता चालता अर्धे सिलिंडर बंद करायची भानगड या इंजिनात नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण (का, ते पुढे कळेल). आमच्या मते नवख्याने शोधावी अशी गाडी म्हणजे २०१५ ते १७ ची जीटी, ६-स्पीड ऑटोमॅटिक. मागचं स्वतंत्र सस्पेन्शनही याच पिढीपासून आलं, त्यामुळे खड्ड्यातून जाताना मागचा भाग उडत नाही.

२०१८ पासून ऑटोमॅटिक म्हणजे १०-स्पीड 'टेन आर एटी'. इंजिन छान, पण या गिअरबॉक्सबद्दल तक्रारी खूप: गिअर झटक्याने पडतो, तिसरा ते पाचवा या टप्प्यात गाडी क्षणभर अडखळते. बऱ्याच गिअरबॉक्सांमध्ये मूळ कारण एकच निघालं. सी-डी-एफ नावाच्या क्लच ड्रममधला बुश जागेवरून सरकतो, ऑइलची वाट अडते आणि क्लचला पुरेसा दाब मिळत नाही. फोर्डने पुढे ड्रमची रचना बदलली. म्हणून अशी गाडी घेताना 'सॉफ्टवेअर अपडेट केलंय' एवढ्यावर समाधान मानू नका. ड्रम बदलल्याचं बिल आहे का, ते विचारा. २०१८ आणि १९ च्या काही इंजिनांबद्दल ऑइल जास्त पिण्याच्याही तक्रारी होत्या, त्यामुळे डिपस्टिक स्वतः काढून बघा.

जीटीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं नाव एमटी८२. थंडीत दुसरा गिअर अडणं ही त्याची जुनी खोड. थोडं अडणं चालेल, गरम झाल्यावरही गिअर किरकिरला तर मात्र आतल्या सिंक्रो रिंगा झिजल्यात असं समजा.

कोयोटीचं दुखणं ऑइल पंपात आहे. पंपाचे गिअर धातूची भुकटी दाबून बनवलेले असतात. रोजच्या वापराला ते पुरतात. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावून किंवा सतत रेव्ह लिमिटरवर, म्हणजे फेऱ्यांच्या वरच्या मर्यादेवर, आपटून इंजिन पळवलं तर ते तडकतात, ऑइलचा दाब क्षणात शून्यावर येतो आणि बेअरिंगं जातात. सुपरचार्जर बसवलेली जीटी समोर आली तर 'ऑइल पंपाचे गिअर बदललेत का?' हा पहिला प्रश्न. विकणाऱ्याला प्रश्नच कळला नाही, तर गाडी तिथेच सोडा.

२००५ ते २०१० च्या मस्टँग स्वस्त मिळतात, पण कारणं आहेत. जीटीच्या ४.६ लिटर इंजिनात, विशेषतः २००८ पर्यंतच्या, प्लग दोन तुकड्यांचे होते. कार्बन धरला की प्लग काढताना खालचा तुकडा हेडमध्ये राहतो आणि एका प्लगपायी दिवस जातो. व्ही६ हवी असेल तर ४.० लिटरवालं इंजिन टाळलेलं बरं. त्याची टायमिंग चेन पुढेही आहे आणि मागेही, आणि मागच्या चेनचा प्लॅस्टिक गाइड तुटला तर इंजिन खाली उतरवावं लागतं. २०११ पासूनचं ३.७ व्ही६ त्या मानाने फार शहाणं. २.३ टर्बो इकोबूस्टमध्ये (२०१५ ते २३) पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडलं जातं. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर काजळी साचते. अक्रोडाच्या टरफलांची भुकटी फवारून ती काढावी लागते. कॅमेरोच्या एलटी१ व्ही८ लाही हेच लागू. २०१८ नंतरच्या कोयोटीत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर आहेत आणि डॉजच्या हेमी व्ही८ मध्ये जुन्या पद्धतीचे, म्हणून या दोघांना हा ताप नाही.

आता टॅपेटचं (कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणाऱ्या छोट्या भागाचं) प्रकरण, कारण कॅमेरो आणि चॅलेंजर-चार्जर यांचा बहुतेक निकाल तिथेच लागतो.

पेट्रोल वाचवण्यासाठी कॅमेरो बनवणारी जनरल मोटर्स (यंत्रणेचं नाव एएफएम) आणि चॅलेंजर-चार्जर बनवणारी डॉज (एमडीएस) हलक्या पायाने चालवताना आठपैकी चार सिलिंडर बंद ठेवतात. त्या चार सिलिंडरांचे टॅपेट खास असतात. आत एक बारीक खिळ असते. ऑइलचा दाब दिला की खिळ मागे सरते, टॅपेट स्वतःतच दबतो आणि कॅम फिरला तरी व्हॉल्व्ह उघडत नाही. दिवसातून शेकडो वेळा हे होतं. ऑइल उशिरा बदललेलं असेल, जाडीला चुकीचं असेल किंवा कमी असेल, तर खिळ अडकते, नाहीतर टॅपेटच्या टोकाचा रोलर अडतो. फिरायचा थांबलेला रोलर कॅमशाफ्ट कानशीसारखा घासतो. आधी टिकटिक, मग इंजिन मिसिंग मारतं आणि शेवटी ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा. दुरुस्तीत कॅमशाफ्ट, सोळाच्या सोळा टॅपेट, गॅस्केट आणि मजुरी धरून हजारो डॉलरचं बिल येतं.

दोन्ही कंपन्यांच्या व्ही८ मध्ये बंद होणारे सिलिंडर योगायोगाने तेच आहेत: १, ४, ६ आणि ७. स्कॅनरवर पी०३०१, पी०३०४, पी०३०६ किंवा पी०३०७ असा मिसिंगचा कोड आला आणि 'प्लग बदलले की जाईल' असं कुणी म्हणालं, तर ते बदलून दाखवा म्हणावं. हेमीत मात्र साधे टॅपेटही जातात, त्यामुळे बाकीच्या सिलिंडरांचा कोड आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

यातून निघण्याची वाट गिअरबॉक्समध्ये आहे. २०१० ते १५ च्या कॅमेरो एसएसला (व्ही८ वाल्या कॅमेरोला) मॅन्युअलबरोबर एलएस३ इंजिन मिळायचं, त्यात एएफएम नाही. ऑटोमॅटिकबरोबर एल९९, त्यात आहे. २०१६ नंतरच्या एलटी१ मध्येही एएफएम ऑटोमॅटिकलाच. चॅलेंजर आरटी (५.७) किंवा ३९२ (६.४) मॅन्युअल असेल तर एमडीएस नाही. शिवाय या दोन्ही गाड्यांचा ट्रेमेक मॅन्युअल गिअरबॉक्स दणकट आहे. क्लच दाबायची तयारी असेल तर दीर्घकाळासाठी हीच जोडी घ्या. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर लावतात) खोचून एएफएम बंद ठेवणारी छोटी यंत्रं मिळतात. ती पुढची झीज टाळायला बरी, पण आधीच झिजलेला टॅपेट त्याने दुरुस्त होत नाही.

ऑटोमॅटिकच हवी असेल तर डॉजच्या व्ही८ गाड्यांत २०१५ पासून झेडएफ कंपनीचा ८-स्पीड आहे आणि तो उत्तम आहे. कंपनी त्याचं ऑइल 'आयुष्यभरासाठी' म्हणते. खुद्द झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. झेडएफचं ऐका. २०१६ ते १८ च्या कॅमेरो एसएसमधल्या ८-स्पीडला थरथरीचा रोग आहे. त्याचं मूळ ऑइल ओलावा धरतं आणि टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचा) क्लच घसरू लागतो. नव्या प्रकारचं ऑइल पूर्ण फ्लश करून भरल्यावर बहुतेक गाड्या सुधारतात. फ्लशचं बिल मागा.

डॉजचं ३.६ व्ही६ साध्या वापराला चांगलं आहे, पण २०११ ते १३ च्या इंजिनांत डाव्या सिलिंडर हेडचा दोष होता. त्यासाठी कंपनीने वॉरंटी १० वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढवली होती. ती मुदत आता संपली, म्हणून हेड बदललेलं असेल तरच अशी गाडी बघा. आणखी एक गोम: याच्या ऑइल फिल्टरचं घर प्लॅस्टिकचं आहे आणि ते इंजिनाच्या दोन बाजूंमधल्या खळग्यात बसतं. ते गळलं की ऑइल खळग्यात साचतं, मागून ओघळतं आणि गिअरबॉक्सजवळ टपकतं. खालून बघणारा 'क्रँकचं मागचं सील गेलं' म्हणून मोठं काम सांगतो. वरून टॉर्च मारून खळग्यात डबकं दिसतंय का ते आधी बघा. कॅमेरोच्या व्ही६ मध्ये २०१० आणि ११ चं इंजिन टायमिंग चेन लांबल्यामुळे बदनाम आहे. २०१२ पासूनचं घ्या.

पायरी २: गाडी बघायला जाण्याआधी कागद

विकणाऱ्याकडून १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) मागवा. दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं: एफ म्हणजे २०१५, जी २०१६, एच २०१७, जे २०१८ (आय वापरत नाहीत). आठवं अक्षर इंजिनाचं. मस्टँगला एफ असेल तर ५.०, चॅलेंजर-चार्जरला टी असेल तर ५.७ हेमी, जे असेल तर ६.४. व्ही६ ला व्ही८ चे बिल्ले चिकटवून विकणारे महाभाग आहेत, म्हणून हे बघायचं.

तोच नंबर एनएचटीएसए या केंद्रीय रस्तासुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की बाकी असलेले रिकॉल फुकटात दिसतात. यात टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगकडे विशेष लक्ष द्या. २००५ ते १४ च्या बऱ्याच मस्टँग त्यात आहेत. २००५ ते १० दरम्यानच्या चार्जर-चॅलेंजरबद्दल तर नोव्हेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्ती होईपर्यंत चालवूच नका' असा इशारा निघाला होता. २०१० ते १४ च्या कॅमेरोत चालकाचा गुडघा लागून किल्ली फिरायची आणि इंजिन बंद पडायचं, त्याचा रिकॉल २०१४ चा. २०११ ते १४ च्या डॉजमधल्या १६० अँपिअरच्या अल्टरनेटरचाही रिकॉल आहे. दुरुस्ती डीलरकडे मोफत होते, पण ती झालेली नसणं हे आधीच्या मालकाच्या आळसाचं प्रमाणपत्र समजा.

मग गाडीच्या इतिहासाचा कारफॅक्स किंवा तत्सम अहवाल. टायटलवर (मालकीच्या कागदावर) 'साल्व्हेज', 'रीबिल्ट', 'फ्लड' यांपैकी काही असेल तर विषय संपला. टायटल कोरं असूनही गाडी पुरातली असू शकते, कारण काही जण दुसऱ्या राज्यात नोंदणी करून तो शिक्का धुऊन काढतात. २०१७ चं हार्वे (ह्यूस्टन), २०२१ चं आयडा (न्यू जर्सी), २०२२ चं इयन (फ्लोरिडा): त्या सुमारास गाडी त्या भागात होती का ते अहवालात बघा. प्रत्यक्ष भेटीत सीटबेल्ट पूर्ण बाहेर खेचा. पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर चिखलाची रेघ असेल तर ती कितीही पॉलिशने जात नाही.

विम्याचा भाव याच टप्प्यावर काढा, गाडी आवडल्यानंतर नको. हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटच्या २०२३ च्या अहवालात चोरीच्या दाव्यांमध्ये चार्जर एसआरटी हेलकॅट (चार्जरचा सुपरचार्जरवाला प्रकार) सगळ्यात वर होती, आणि विमा कंपन्या ते विसरत नाहीत. अमेरिकी लायसन्स नवं असेल तर व्ही८ चा हप्ता कधी कधी गाडीच्या कर्जाच्या हप्त्याशी स्पर्धा करतो. पेट्रोलही धरा: ५.७ हेमीला ८९ ऑक्टेनची शिफारस आहे, ६.४ आणि एलटी१ ला ९१ ची. कोयोटी ८७ वर चालते.

पायरी ३: थंड इंजिन

भेट ठरवताना बजावून सांगा की तुम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नये. पोहोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं होतं असं धरा, चहा-गप्पांत दोन तास काढा किंवा दुसऱ्या दिवशी या.

चालू करण्याआधी डिपस्टिक. पुसा, परत घाला, काढा. ऑइल काळं असलं तरी हरकत नाही, पातळी खुणांच्या मध्ये हवी. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मालक ऑइल बघतच नव्हता, आणि टॅपेटवाल्या इंजिनासाठी एवढं कळलं तरी पुरे. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली तर कुलंट मिसळत असण्याची शक्यता. (कडाक्याच्या थंडीत नुसत्या जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही ओलाव्याने अशी साय धरते, म्हणून कुलंटची पातळीही बघा.)

आता दुसऱ्या कुणाला तरी चावी फिरवू द्या आणि तुम्ही बॉनेट उघडून उभे राहा. हेमीतून चालू होताच टिकटिक आली, दोन-चार मिनिटांत इंजिन तापलं आणि आवाज विरला, तर तो बहुतेक एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा तुटलेला बोल्ट. हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचं. दोन्ही कमी-जास्त प्रसरण पावतात आणि बोल्ट तुटतात, बहुधा मागच्या कोपऱ्यातले. तापल्यावर फट बुजते म्हणून आवाज जातो. हे काम कटकटीचं आहे, पण जीवघेणं नाही. भावात घासाघीस करा. तापल्यावरही टिकटिक राहिली, रेव्ह वाढवल्यावर तिचा वेग वाढला आणि इंजिन किंचित लंगडू लागलं, तर तो टॅपेट. तिथून निघा.

२०१८ नंतरच्या कोयोटीत गरम झाल्यावर टाइपरायटरसारखा बारीक टकटकाट येतो. तो ऐकून घाबरायचं कारण नाही, बऱ्याच इंजिनांत असतो. ४.६ मस्टँगमध्ये गरम आयडलवर डिझेलसारखा खडखडाट आला तर ते कॅम फेझर (कॅमशाफ्टची वेळ पुढे-मागे करणारे भाग).

सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थंडीत नेहमीची, पण गोडसर वासाची आणि न थांबणारी असेल तर हेड गॅस्केट.

पायरी ४: ओबीडी

२०–३० डॉलरचा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोन पुरे. कोड नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. कुणीही दोन बटणांत कोड पुसू शकतो. म्हणून तीन गोष्टी बघा. एक, कोड पुसल्यापासून गाडी किती चालली: २० मैल असेल तर आज सकाळीच पुसलेत. दोन, मॉनिटर (गाडी स्वतःच घेते त्या प्रदूषण-चाचण्या) पूर्ण आहेत का: कॅटॅलिस्ट आणि ईव्हॅप दोन्ही अपूर्ण दिसले तर तेच. तीन, 'पर्मनंट कोड'. २०१० च्या आसपासपासूनच्या गाड्यांत हे कोड स्कॅनरने जात नाहीत. गाडीने स्वतः चाचणी पार केली तरच ते जातात. विकणाऱ्याने वरचं सगळं पुसलं तरी हे तिथेच असतात, आणि बहुतेकांना त्यांचा पत्ता नसतो.

पायरी ५: आधीचा मालक शोधा

टायर त्याच्याबद्दल सगळं सांगतात. टायरच्या बाजूला डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. समजा २०१९ ची गाडी, ३०,००० मैल, पुढचे टायर मूळचे आणि मागचे २०२३ चे. मागच्या चाकाच्या कमानीच्या आत हात फिरवा. रबराचे वितळून चिकटलेले बारीक गोळे लागले तर ते टायर कुठे गेले ते कळलं. काही गाड्यांत पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतात (कॅमेरो एसएसला पुढे २४५, मागे २७५), त्यामुळे ते आळीपाळीने फिरवता येत नाहीत. मागचे जरा लवकर झिजणार हे मान्य, पण इतके नाही.

बदललेली गाडी आणि परत मूळ रूपात आणलेली गाडी, दोन्हींत पाणी मुरतं. एअर फिल्टरच्या डब्याचे क्लिप नवे कोरे, डॅशबोर्डच्या कडेला मीटर चिकटवल्याच्या गोंदाच्या खुणा, सायलेन्सरच्या पाइपवर ताजी वेल्डिंग. इंजिनाच्या संगणकाचं ट्यून परत मूळ केलं तरी झालेली झीज परत मूळ होत नाही. कॅलिफोर्नियात तर बदललेल्या भागावर 'कार्ब'चा (राज्याच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) मान्यता क्रमांक नसेल तर गाडी स्मॉग चाचणीत अडकते. हेलकॅट बघत असाल तर लाल आणि काळी, दोन्ही किल्ल्या हातात घ्या. पूर्ण ताकद लाल किल्लीवरच मिळते.

स्वस्त व्ही८ चार्जर दिसली की दरवाज्यापुढच्या खांबावर सर्चलाइटचं भोक बुजवलेली गोल टोपी आहे का, ते पाहा. असेल तर ती पोलिसांची गाडी होती. तिचं रनिंग मैलांत मोजून उपयोग नाही. मीटरमध्ये इंजिनाचे एकूण तास आणि आयडलचे तास वेगळे दिसतात. फोर्डने आपल्या पोलिस गाड्यांसाठी धरलेला ठोकताळा असा की आयडलचा एक तास म्हणजे सुमारे ३३ मैलांची झीज. ४,००० तास आयडल म्हणजे मीटरवर न दिसणारे १,३२,००० मैल. त्यातून हेमी, जिच्या कॅमला आयडलवर ऑइल कमी पोहोचतं असं अनेक मेकॅनिक मानतात.

पायरी ६: खालून

मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्क या पट्ट्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. टेक्सासची गाडी ऊन खाऊन फिकी पडते, मिशिगनची खालून कुजते. गाडी लिफ्टवर घ्या, ब्रेकच्या पाइपांवर आणि मागच्या सबफ्रेमवर टॉर्च मारा. पापुद्रे सुटलेला गंज स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. मस्टँगच्या बॉनेटच्या पुढच्या कडेखाली रंगाला फोड आले असतील तर ते ॲल्युमिनियमचं गंजणं. ते दिसायला वाईट, बाकी धोका नाही. २००५ ते ०९ च्या मस्टँगमध्ये विंडशील्डखालची गटारं तुंबून पाणी पुढच्या पॅसेंजरच्या पायाशी उतरतं, जिथे इलेक्ट्रिकची मुख्य पेटी आहे. गालिच्याखाली हात घाला. चार्जर, चॅलेंजर, कॅमेरो यांची बॅटरी डिकीत असते, तिथला ओलावाही तपासा.

पायरी ७: चालवून

किमान अर्धा तास, त्यातला निम्मा हायवेवर. कॅमेरो ४० ते ६० मैलांच्या वेगात हलक्या, स्थिर पायाने धरा. घाटाआधीच्या रम्बलरवरून गेल्यासारखी दोन-तीन सेकंदांची थरथर आली तर तो टॉर्क कन्व्हर्टर. १०-स्पीड मस्टँग सिग्नलपासून सावकाश उचला, मग मध्येच पाय काढून परत दाबा. चूक बहुधा अशाच गोंधळलेल्या क्षणी दिसते. डॉजमध्ये कमी वेगात ब्रेक दाबल्यावर पुढून 'टक' आला तर टेन्शन स्ट्रटचे बुश. ते स्वस्तात होतात.

इथवर सगळं जमलं तर १५०–३०० डॉलर देऊन त्रयस्थ मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. 'कॉम्प्रेशन आणि लीकडाउन दोन्ही करा' (सिलिंडर दाब धरतात का, याच्या चाचण्या) असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो फक्त ब्रेकचे पॅड मोजून देतो. शिवाय गाडीच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. ती ठेवता येत नसेल तर तेवढी स्वस्त गाडी बघा.

साठ-सत्तरच्या दशकातली गाडी हवी असेल तर

१९६५ ची मस्टँग किंवा १९६९ ची कॅमेरो यांचा हिशेबच वेगळा. त्यांचं इंजिन कुणीही उघडून नवं करतं, सुटे भागही भरपूर मिळतात. टिकाऊपणा ठरवतो तो पत्रा. मस्टँगमध्ये विंडशील्डखालचा पत्रा, टॉर्क बॉक्स आणि फ्लोअर कुजतात. चुंबक कापडात गुंडाळून कडेकडेने फिरवा. जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. जुन्या कॅमसाठी जस्त जास्त असलेलं ऑइल लागतं, आणि रबरी नळ्या इथेनॉल झेपणाऱ्या नसतील तर बदलाव्या लागतात.

भारतात परतताना ही गाडी बरोबर न्यायचा बेत असेल तर सोडून द्या. वापरलेली गाडी आयात करायला ती उजव्या स्टिअरिंगची आणि ३ वर्षांच्या आतली असावी लागते. पुण्या-मुंबईत सेकंडहँड मस्टँग दिसते ती फोर्डने २०१६ पासून अधिकृतपणे विकलेली ५.० जीटी, ६-स्पीड ऑटोमॅटिक. जोडी उत्तम आहे, पण फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं २०२१ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे सुटे भाग कुठून आणि किती दिवसांत येतील, याची चौकशी गाडीआधी करा. भारतातलं ९१ ऑक्टेन आणि अमेरिकेतलं ९१ एक नव्हे, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. भारतातलं ९१ म्हणजे अमेरिकेतलं साधारण ८७.

घेतल्यानंतरचे पहिले १,००० मैल

विकणारा 'कालच ऑइल बदललं' म्हणाला तरी बदला. हेमीला ७ क्वार्ट (सुमारे ६.६ लिटर), एलएस३ आणि २०१७ पर्यंतच्या कोयोटीला ८, एलटी१ कॅमेरो आणि २०१८ नंतरच्या कोयोटीला १० क्वार्ट. जाडी मॅन्युअलमध्ये लिहिलीय तीच, त्यात स्वतःची अक्कल नको. ५.७ ला ५डब्ल्यू-२० आणि ६.४ ला ०डब्ल्यू-४० अशी एकाच घरातल्या दोन इंजिनांची गरज वेगळी आहे. ब्रेक फ्लुइड आणि डिफरन्शियलचं ऑइल त्याच दिवशी, कुलंट आणि गिअरबॉक्सचं ऑइल बिलं पाहून. हेमीला प्लग १६ लागतात, ८ नाही, हे सामान मागवताना लक्षात ठेवा. पुढे टॅपेटवाल्या इंजिनाचं ऑइल दर ५,००० मैलांना बदला, मीटर काहीही म्हणो.

काढलेला जुना ऑइल फिल्टर फेकू नका. कापून आतला कागद उलगडा, उन्हात धरा आणि चुंबक फिरवा. चमचम दिसली पण चुंबकाला चिकटली नाही, तर ते ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू. चिमूटभर असेल तर १,००० मैलांनी पुढचा फिल्टर कापून ताडून बघा. चुंबकाला मिशा फुटल्या तर ते लोखंड, म्हणजे कॅम आणि टॅपेट. मग गाडी उभी करा आणि डीलरने दिलेली वॉरंटी किती दिवसांची आहे, ते त्याच संध्याकाळी काढून वाचा.